शेजाऱ्याने भरायचा पेला

नाना, त्या दिवशी सभेत तुमचा पेला रिकामा आहे, हे मला दिसत होतं.

हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर बाकीचं सांगता सांगता मी याला वळसा घालीन, आणि माझी ही सवय मला आता चांगली माहीत झाली आहे. तुम्ही माझ्या डाव्या हाताला बसला होतात. किटली माझ्या कोपराशी होती. सभा सुरू झाली तेव्हा तुमच्या पेल्यात थोडं होतं. माझ्या ठरावावरचं बोलणं होईपर्यंत ते तुम्ही संपवलंत आणि पेला पुढ्यात ठेवलात. मग सभा उठेपर्यंत तो तसाच होता. मी कागदांत डोकं घालून बसलो. लोकांना वाटलं असेल, कार्यवाह कामात आहे. मला त्या पेल्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय एवढं? पेला रिकामा झाला तर माणसाने भरून घ्यावा. पण आपल्या मंडळात आपला पेला आपण भरायचा नाही. शेजाऱ्याने लक्ष ठेवायचं आणि भरायचा, उजव्या हाताने ओतायचं, डावा हात उजव्या कोपराखाली धरून. हा नियम तुम्ही कोरियाहून आणलात आणि मांडवीतल्या तुमच्या पडवीत लावलात. मी आलो त्या पहिल्याच रविवारी मंडळातल्या बापटकाकांनी विचारलं होतं, "म्हणजे शेजारी विसरला तर मी तहानेने मरायचं?"

"मरायचं कशाला? शेजारी बदलायचा," तुम्ही म्हणालात.

सगळे हसले. मीही हसलो. तुम्ही शेजारी बदलला नाहीत, नाना. ते मला आता जड जातंय.

रत्नागिरीत कोरियन अभ्यास मंडळ आहे, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, का? मला कधी नीट उत्तर देता आलं नाही. तुम्ही देत होतात. जहाजावर इंजिनरूममध्ये उमेदीची वर्षं काढलेला माणूस, कंपनीने उल्सानच्या गोदीत नवीन जहाज बांधून घ्यायला पाठवलेला. तिथे एक जहाज झालं, मग दुसरं झालं, मुक्काम लांबत गेला. परत आलात ते बिनकानाचे पेले, एक नकाशा आणि ती भाषा घेऊन. निवृत्त झाल्यावर लोक बाग करतात, तुम्ही मंडळ काढलंत. "हापूस काय सगळेच लावतात," म्हणायचात.

मी आलो तो माझ्या ऋतुजामुळे. ती कॉलेजला गेल्यावर तिकडच्या मालिका बघून कोरियन शिकायचं खूळ घेऊन बसली. कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. तरण्या मुलीला अनोळखी घरी एकटी कशी पाठवायची म्हणून मी सोबत आलो, कोपऱ्यात बसलो. ज्युनियर कॉलेजला हिशेबशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला कोरियाशी काय देणंघेणं? तुम्ही दोन्ही हातांनी माझ्यासमोर पेला ठेवलात आणि म्हणालात, "बसायला आलायस तर शेजाऱ्यावर लक्ष ठेव." पुढच्या वर्षी मला कार्यवाह केलंत. कारण विचारलं तर म्हणालात, "तू इतिवृत्त नीट लिहितोस. आणि बोलत नाहीस. दोन्ही लागतात."

पेल्यात असायचं ते खरवडीचं पाणी. टोपाच्या तळाला लागलेली भाताची करपट खरवड, तिच्यावर पाणी घालून उकळलेलं. गोदीतली माणसं जेवणानंतर तेच पितात, असं तुम्ही सांगायचात. काकू दर रविवारी मुद्दाम भात लावून ठेवायच्या आणि किटली आणून ठेवताना त्यांचं बोलणं ठरलेलं असायचं.

"उभा जन्म भात लागला म्हणून ह्यांची बोलणी खाल्ली. आता मुद्दाम लाव म्हणतात. ह्याला अभ्यास म्हणतात होय?"

"हाच तर अभ्यास," तुम्ही म्हणायचात.

गेल्या भाद्रपदातली पौर्णिमा आठवते. आपल्याकडे गणपती जाऊन पितृपक्ष लागायचा तो दिवस, आणि त्यांच्याकडे त्याच चांदण्यात चुसॉक, पूर्वजांपुढे नव्या तांदळाचं ताट मांडायचा सण. हा योग तुम्हाला फार आवडायचा. सांगताना आवाज उगाच खाली आणायचात, जणू दोन घरांमधली सोयरीक पहिल्यांदा तुम्हालाच कळली आहे. पडवीत सगळे सोंगप्यन करायला बसले होते. तांदळाच्या उकडीची अर्धचंद्रासारखी वळी, आत तीळ-गूळ. तिकडे ती पाइनच्या पानांवर वाफवतात. इथे पाइन कुठला? काकूंनी परसातली हळदीची पानं आणली आणि म्हणाल्या, "ह्याला आमच्यात उकडीची करंजी म्हणतात. नाव तेवढं तुमचं."

माझी सगळी फुटत होती. तुम्ही बघत होतात. म्हणालात, "तिकडे म्हणतात, ज्याची सुबक होतात त्याला मुलगी देखणी होते. ऋतुजाकडे बघून वाटत नाय तू असली वेडीवाकडी करशील."

"ती आईवर गेलीय," मी म्हणालो.

"मग तिला बोलव वळायला."

वळून झाल्यावर ताट मांडलं. मंडळाची रीत अशी की प्रत्येकाने आपल्या एका गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या पेल्यात ओतायचं. मी वडिलांचं घेतलं. बापटकाकांनी त्यांच्या बायकोचं घेतलं आणि नंतर बराच वेळ चष्मा पुसत बसले. तुमची पाळी शेवटी. तुम्ही किम नावाच्या कुणा वेल्डरचं नाव घेतलंत. तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं की हा नियम तुम्हाला कुठून आला.

"पहिल्या आठवड्यात कँटीनमध्ये मी आपला भांडं उचलतोय नि ओतून घेतोय. समोर हा किम म्हातारा. एक-दोन दिवस बघितलान. मग माझ्या हातातनं भांडं काढून घेतलान नि स्वतः ओतलान. बोलला काय नाय. मग मी त्याचा भरला. एवढंच. पण त्या दिवसापासनं मला तिथे परकं वाटलं नाय. भाषा त्यानेच शिकवलान, काम करता करता. शिव्या आधी, बाकीचं नंतर."

ऋतुजाने लगेच विचारलं, "शिव्या आम्हाला कधी शिकवणार, नाना?"

"तुझा बाप उठून गेला की."

मी काही उठून गेलो नाही. आता वाटतं, जायला हवं होतं. बाप समोर बसून राहिल्यामुळेच बरंच पुढचं झालं.

थंडीत आपण दगडी बांधांवर अडकलो. जेजू बेटावरच्या शेतांचे फोटो तुम्ही भिंतीला लावलेत. काळे दगड एकावर एक रचलेले, मध्ये माती नाही, चुना नाही, आणि फटी अशा की पलीकडचं दिसावं. तुमचं म्हणणं, आपल्या कातळावरचं दगडी कुंपण, म्हणजे गडगा, आणि तो बांध एकाच डोक्यातून निघालेत. फटी मुद्दाम सोडलेल्या असतात, वारा त्यांतून जातो म्हणून बांध पडत नाही. माझं म्हणणं, फटी राहिल्या कारण दगड ओबडधोबड होते, आणि नंतर माणसांनी त्याला कारण चिकटवलं. तीन रविवार त्यात गेले. शेवटी तुम्ही म्हणालात, "कलमांच्या बागेत चल. भर वाऱ्यात गडग्याशी उभं राहून दाखवतो." जायचं राहिलं. आधी तुमचा गुडघा, मग माझे पेपर तपासायचे, मग आंब्याचे दिवस आले आणि मंडळातले निम्मे लोक बागांत अडकले. तो वाद अर्धाच आहे, नाना. मी अजून माझ्याच बाजूला आहे. पण परवा शिरगावकडून येताना एका गडग्याशी स्कूटर थांबवून उभा राहिलो होतो. वारा नव्हता.

माघात त्यांचं नवं वर्ष केलं. त्या दिवशी तिकडे सगळ्यांचंच वय एकदम एकाने वाढायचं, मग वाढदिवस कधीही असो. आता तिथल्या सरकारने सगळीकडे वाढदिवसावरून वय मोजायचं ठरवलं आहे, हे ऋतुजाने तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही रागावलात. "म्हणजे सरकारने माझं एक वर्ष काढून घेतलान? मी कमावलेलं होतं ते." काकू आतून म्हणाल्या, "घेतलान तर बरं केलान. एक वर्ष जास्त मिळालं मला तुमची करपट भांडी घासायला." त्यानंतर आम्ही सगळे वाकून तुमच्या पाया पडलो, त्यांच्या पद्धतीने, दोन्ही गुडघे टेकून. बापटकाका उठताना अडकले, त्यांना दोघांनी धरून उठवलं.

ते वर्ष काकूंना मिळालं नाही.

पार्कसाहेब फाल्गुनात आले. जयगडच्या बंदरात यंत्र बसवायच्या कामासाठी काही आठवडे मुक्कामाला आलेला कोरियन इंजिनिअर आहे, ही बातमी ऋतुजाच्या मैत्रिणीने आणली. माझ्याच खटपटीने ते एका रविवारी मांडवीला आले. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होतात. काकूंनी पडवी सारवल्यासारखी पुसून ठेवली होती. जहाज सोडल्यापासून तुम्ही त्या देशाच्या माणसाशी समोरासमोर बोलला नव्हतात.

तुम्ही बोलायला लागलात आणि पार्कसाहेब हसले. ते हसू आपोआप फुटलं होतं. त्यांनी तोंडावर हात धरला आणि तरी हसत राहिले. मग ते काही बोलले, तुम्ही काही बोललात, आणि तुम्हीही हसायला लागलात. आम्हाला कुणाला काही कळलं नाही. मी फक्त ऋतुजाकडे बघितलं. तिने मान खाली घातली होती.

मला पुण्याचं आठवलं. शिकायला गेलो तेव्हा वसतिगृहात माझ्या बोलण्याच्या हेलावरून मुलं हसायची. मी एखादं वाक्य बोललो की कुणीतरी ते माझ्याच सुरात परत म्हणून दाखवायचं. वर्षभरात मी तो सूर गिळला. एकदा हे तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "हसले म्हणजे कान तरी होते त्यांना. तू कशाला बदललास?" मी चिडलो होतो. तुम्हाला काय जातं बोलायला, असं मनात आलं होतं.

त्या रविवारी पार्कसाहेबांना गाडीपर्यंत सोडायला मी गेलो. इंग्रजीत विचारलं, आमच्या नानांचं कोरियन कसं आहे? ते विचार करून म्हणाले, "जुनं आहे. गोदीतलं आहे." मग गाडीत बसताना म्हणाले, "पण चांगलं आहे."

तुम्ही मला दुसऱ्या दिवशी फोनवर स्वतःच सांगितलंत, "अरे, हसला का माहितेय? मी त्याच्या मामासारखा बोलतो म्हणाला. मामा तिकडचाच, गोदीत होता." मी बरं म्हणालो. मला वाटलं, नाना झाकून घेतायत. खरं काय ते मला आजही माहीत नाही. पार्कसाहेब परत गेले, मी कधी विचारलं नाही.

इथून पुढे मी काय केलं, ते क्रमाने सांगतो.

ऋतुजाने तेव्हा तिकडच्या एका विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचं ठरवलं होतं. भाषेची परीक्षा द्यायची होती, पुढे मुलाखत होती. माझ्या डोक्यात एकच चित्र बसलं. समोर परीक्षक आहेत, माझी मुलगी तोंड उघडते आणि ते तोंडावर हात धरतात. मला झोप लागेना. मी तिला सरळ म्हणू शकलो असतो की तू दुसरीकडेही शीक. तुम्हाला येऊन सांगू शकलो असतो की नाना, मला भीती वाटते. तुम्ही हसला असतात आणि बहुतेक मदतच केली असतीत. मी दोन्ही केलं नाही. तुमच्यापुढे मुलीसाठी काही मागायचं म्हणजे तुमचं शिकवणं कमी पडतं, असं म्हणावं लागलं असतं. ते एकट्याने म्हणायचं धैर्य नव्हतं, म्हणून मी ते मंडळाकडून म्हणवून घेतलं.

वार्षिक सभेत मी ठराव मांडला. भाषेचा वर्ग यापुढे बाहेरच्या प्रशिक्षित शिक्षिकेकडून ऑनलाइन घ्यावा, तो कॉलेजच्या खोलीत भरावा, आणि नानांनी मंडळाचे सल्लागार म्हणून मार्गदर्शन करावं. मार्गदर्शन हा शब्द मी बरेच दिवस शोधून काढला होता.

बापटकाका म्हणाले, "सल्लागार म्हणजे काय करायचं असतं?"

"हार घालून बसायचं," तुम्ही म्हणालात. तेव्हाही लोक हसले.

मग कुणीतरी विचारलं, पण बदल कशासाठी? नाना शिकवतायत की चांगलं. तेव्हा मी म्हणालो, "पार्कसाहेबांचंच मत सांगतो. त्यांनी मला स्वतः सांगितलं की ही भाषा जुनी आहे, गोदीतली आहे."

तिसरं वाक्य मी सांगितलं नाही.

विसरलो नव्हतो. ते जिभेवर होतं. इतिवृत्त नीट लिहिणारा माणूस मी, कुणाचं कुठलं वाक्य सोडायचं ते मला बरोबर कळतं. ते वाक्य म्हटलं असतं तर ठराव पडला असता.

तुम्ही पेल्यातलं उरलेलं प्यायलात आणि पेला खाली ठेवलात. माझ्याकडे बघितलं नाहीत. हात वर झाले, ठराव झाला. पुढे जमाखर्च, पुढच्या वर्षाचे कार्यक्रम. मी वाचत राहिलो. समोरून ऋतुजा उठली, किटली घ्यायला माझ्यापर्यंत आली आणि तुमच्याकडे वळली. तुम्ही पेल्यावर तळहात ठेवलात.

"राहू दे गो. माझा शेजारी बसलाय ना इथे."

हळूच म्हणालात, पण मला ऐकू आलं. तिने किटली परत माझ्या कोपराशी ठेवली आणि जागेवर जाऊन बसली. तुम्ही हात काढून घेतलात. सभा अजून बरीच बाकी होती. तुम्ही मला अख्खी सभाभर वेळ दिलात, नाना. हात पुढे करायचा, एवढंच होतं. एक शब्दही बोलावा लागला नसता. मला वाटत होतं की आता ओतलं तर सगळ्यांना कळेल. काय कळेल, ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

घरी जाताना ऋतुजा स्कूटरवर मागे बसली होती. थिबा राजाच्या राजवाड्याचा चढ लागला. मग म्हणाली, "बाबा, मला तुमचा ठराव नको होता."

"तुझ्यासाठीच केला."

"मग माझ्या नावाने मांडायचात ना. पार्कसाहेबांच्या नावाने कशाला?"

मी गाडीच्या आवाजात ऐकू न आल्यासारखं केलं.

नवीन शिक्षिका चांगल्या होत्या, हेही सांगायला हवं. ऋतुजाला त्यांचा उपयोग झाला. आता वाईट वाटतंय म्हणून मी ते नाकारणार नाही. पण कॉलेजच्या खोलीत पेले नव्हते. लोक स्वतःची बाटली घेऊन यायचे, प्यायचे, झाकण लावायचे. कुणी कुणाकडे बघायचं कारणच उरलं नाही. रविवारी मांडवीला बापटकाका जात राहिले, ऋतुजा जात राहिली. मी पेपर तपासणीचं कारण दिलं, मग प्रवेशांचं, मग पावसाचं. तुम्ही एकदा फोन केलात.

"काय रे, येतोस का रविवारी? जेजूचा नवीन फोटो आलाय. तुझ्या बाजूचा आहे, फटी कमी आहेत."

"बघतो नाना, थोडं काम आहे."

"बघ."

एवढंच. तुम्ही आवाजात काहीही दाखवलं नाहीत. वादात माझ्या बाजूचा पुरावा हातात धरून तुम्ही मला बोलावलंत, आणि मी बघतो म्हणालो.

श्रावणात तुम्ही पडलात. काकूंचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. संध्याकाळी दवाखान्यात पोचलो तर काकू दारातच भेटल्या, घरी कपडे घ्यायला जात होत्या. त्यांच्या पिशवीत थर्मास होता. "खरवडीचं आणलं होतं," त्या म्हणाल्या. "सकाळपासून मागतायत. माझ्याकडून नको म्हणतात, सुहास आला की देईल म्हणे. हे धर."

नाना, तुम्ही ते माझ्या हातून मागितलं होतंत.

मी थर्मास घेऊन आत आलो. तुमचा चेहरा एका बाजूने ओढला गेला होता, बोलणं जड झालं होतं, पण डोळे तुमचेच होते. मी थर्मास उघडला, झाकणात ओतणार एवढ्यात सिस्टरबाई आल्या. "ओ, काय देताय? तोंडाने काही नाही द्यायचं. ठसका लागेल." मी झाकण लावलं.

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ओतायचं नाही म्हणजे आता बोलायचंही नाही, अशी माझी मीच सोय लावून घेतली. स्टुलावर बसून राहिलो. थर्मास मांडीवर गरम लागत होता. तुम्ही बऱ्याच प्रयत्नाने विचारलंत, "नवी बाई... बरं शिकवते?"

"हो नाना. बरं शिकवतात."

"ऋतुजाचा... झाला काम?"

"मुलाखत आहे पुढच्या महिन्यात."

"बरा झाला," तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटलेत. मला वाटलं, झोपलात. थोडा वेळ थांबून मी निघालो. उद्या येऊन बोलू असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला कोल्हापूरला हलवलं, आणि तिथून तुम्ही आलात ते बोलायला नाही.

तेव्हापासून मला फार दमल्यासारखं होतं, नाना. रडू येत नाही. वर्गात फळ्यावर ताळेबंद मांडतो आणि मध्येच खडू धरून उभा राहतो. मुलांना वाटतं, सर आकडा विसरले. ऋतुजाची मुलाखत गेल्या आठवड्यात झाली. संगणकासमोर बसली होती, मी दाराबाहेर. तुमची आठवण एका प्रश्नाच्या उत्तरात तिने काढली, असं ती नंतर म्हणाली. मी विचारलं, ते हसले का? ती म्हणाली, "हसले ना. मग पुढचा प्रश्न त्यांनी नानांबद्दलच विचारला." निकाल अजून यायचा आहे. त्यात मला काही शोधायचं नाही.

यंदा तुमच्याकडचे गणपती पुतण्याने त्याच्या घरी बसवले. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन आला. "उद्या या सगळे. पानं काढून ठेवलीत."

मी अडखळत म्हणालो, "काकू, अजून वर्ष व्हायचंय. आपल्यात चालतं का?"

"आपल्यात वर्षाच्या आत पितृपक्षाचा म्हाळ नाही घालत. पण हे त्यांचं कोरियाचं आहे. त्याला चालेल. आणि सुहास, ऋतुजाला पुढे पाठवून तू मागे राहू नको."

काल तो दिवस होता. पडवीत सगळे आले. काकूंनी बसायच्या जागा जुन्याच ठेवल्या होत्या. तुमच्या जागेवर पाट, पाटावर तुमचा जहाजावरचा फोटो, पुढे तुमचा पेला. त्याच्या उजवीकडची जागा कुणी घेतली नव्हती. मी जाऊन बसलो. किटली माझ्या कोपराशी कुणी ठेवली ते बघितलं नाही. माझी वळी यंदाही फुटली. बापटकाका म्हणाले, "नाना असते तर बोलले असते."

नावं घ्यायची वेळ झाली. एकेकाने घेतलं. बापटकाकांनी पुन्हा बायकोचंच. माझी पाळी आली तेव्हा मी किटली उचलली, डावा हात कोपराखाली धरला. तुमचा पेला काठापर्यंत भरला. थोडं पाटावर सांडलं. काकू पुसायला पुढे झाल्या आणि थांबल्या.

मी ठरवून काही आणलं नव्हतं. कागद नव्हता. तिथे सगळे होते, ठरावाला हात वर केलेले आणि न केलेले, आणि माझी मुलगी होती. मी तुमच्या फोटोकडे बघून बोललो, माझ्या घरच्या सुरात, पुण्याला जाण्याआधी मी बोलायचो त्या.

"नाना, पार्कसाहेब तिसरंही एक बोलले होते. पण चांगलं आहे, म्हणाले होते. ते मी सभेत सांगितलं नाय. ऋतुजासाठी घाबरलो होतो आणि तुम्हाला येऊन सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तुमची भाषा मी सगळ्यांसमोर कमी केली. तुमचा पेला मला दिसत होता. तुम्ही थांबला होतात, तेही दिसत होतं. मी भरला नाय. चुकलो, नाना. मला माफ करा."